तपकिरी डागाचे रसग्रहण

ज्या चित्रात काय काढलंय ते चटकन कळतं, ते चित्र किरकोळ असतं. हे तत्त्व ला पाझ शहराच्या रेखाचित्र रसग्रहण समितीने (मी तिचा चिटणीस) एकमताने मंजूर केलेलं आहे. एक सदस्य झोपले होते; झोप ही संमती धरावी, नियम चार.

आमच्या चढाच्या गल्लीचं एक सैलसर पेन्सिलचित्र एलिओदोरोमास्तरांनी काढलं. रेघा एकूण चौदा. त्यांत तीन माणसं, एक कुत्रं आणि एक मिनीबस आहे (किंवा तीन कुत्री आणि एक माणूस; कुत्र्यांनी अद्याप आक्षेप घेतलेला नाही). नगरपालिका इतकी हरखली, की तिने ठरावच केला: यापुढे गल्ली चित्राबरहुकूम ठेवायची. चित्रात आहे ते राहील, नाही ते हलेल.

आता निकोलासाबाई त्या कोपऱ्यावर एकवीस वर्षं रोज सकाळी साल्तेन्या विकतात, म्हणजे रश्शाने गच्च भरलेल्या भाजक्या करंज्या. चित्रात त्यांच्या जागी नुसता एक तपकिरी डाग होता. डाग म्हणजेच बाई, असं ठरलं तर त्यांची जागा वाचणार होती. निर्णय समितीकडे आला.

समिती चित्रासमोर बेचाळीस मिनिटं उभी राहिली. एकूण 'वा!' सतरा, पैकी अकरा चित्रावरचं कापड काढण्यापूर्वी. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, डाग ही शहराची वेदना आहे. उपाध्यक्ष म्हणाले, पोकळी आहे. मतदान झालं. वेदना दोन मतांनी निवडून आली.

"अहो, कसली डोंबलाची वेदना!" मागून निकोलासाबाई कडाडल्या. "माझ्या साल्तेन्याचा रस्सा आहे तो! हा मास्तर माझ्यासमोर बसून खात होता, तेव्हा सांडला. वास घेऊन बघा की!"

सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या. आमच्याकडे माणसाने बायको सोडली तरी लोक आठवड्यात विसरतात. पण साल्तेन्या खाताना रस्सा सांडला, तर नातवंडांच्या लग्नापर्यंत नाव निघतं. शिवाय जो सांडेल, त्याने हजर असलेल्या सगळ्यांना खाऊ घालायचं, अशी रीत. हजर चौतीस जण होते.

मास्तरांनी माणसं मोजली (ओठ हलताना मी पाहिले). मग घाम पुसून म्हणाले, "वेदनाच आहे ती. माझी."

"मेल्या, जिभेला काही हाड?" बाई म्हणाल्या. "दोनदा तिखट मागून घेतलंस ना रे!"

उपाध्यक्षांनी कागद नाकाशी नेला. डोळे मिटले. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, हे सगळ्यांना दिसलं. मी इतिवृत्तात लिहिलं: 'वेदना अस्सल. जिरं पुरेसं.'

बाईंची गाडी त्याच दुपारी हलवली. वाईट वाटलं मला, खोटं कशाला सांगू. पण इतिवृत्तात त्यासाठी रकाना नाही. कोपऱ्यावर नगरपालिकेने फरशीवर हुबेहूब तपकिरी डाग रंगवला आणि भोवती साखळी लावली. लांबलांबून रसिक येतात, तीन पावलं मागे सरकून मान कलती करतात, आणि मग इथे खायला काय चांगलं मिळतं म्हणून विचारतात.

बाई हल्ली कुठे बसतात, ते मला ठाऊक आहे. रसिक वाचकहो, तुम्हीही डाग नीट समजून घेतलात, बाईंचा पत्ता मात्र विचारला नाहीत. समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. आजच अर्ज करावा.