राबातली बुरशी

"राकेलचा बाप काढीन मी पेंढ्यातनं! बाप!"

दहिवलीच्या चहाच्या टपरीवर श्रीपतने बाकड्यावर मूठ आपटली आणि शेजारच्याचा कप लवंडला. त्या साली रॉकेलची अशी टंचाई, की कर्जतच्या दुकानापुढे बायकांची डब्यासाठी हाणामारी व्हायची. आणि श्रीपत होता साजगावच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला. तिथल्या देवस्थळीसाहेबांकडे एक बुरशी होती. ती पेंढ्यात सोडली की पेंढा कुजून त्याची साखर होते, साखर आंबवली की स्पिरिट, आणि स्पिरिटवर स्टोव्ह पेटतो! बुरशी उघड्यावर शेतात जगते का, तेवढं साहेबांना बघायचं होतं.

"तुमच्या शेतात ढीग घाला. जमलं तर तुम्हाला परमनंट करायचं मी बघतो," साहेब म्हणाले.

इतकी वर्षं टेंपररी म्हणून बाटल्या घासल्या होत्या! श्रीपत लगेच कामाला लागला. विहीर जवळ म्हणून त्याने भाताचा वाफाच धरला. साहेबांनी सांगितलं तसं शेण, पाला, पेंढा, त्यात बुरशीची पूड, आणि ओल टिकावी म्हणून वर माती.

"अवो, त्यो माज्या राबाचा पाला हाय!" त्याची बायको मालनबाई विळा घेऊनच धावत आली.

आता बाई खोटं बोलत नव्हती. आपल्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी वाफ्यावर शेण, पाला, पेंढा अंथरतात, वर माती भुरभुरतात आणि पेटवून देतात; त्या राखेत रोप जोमाने येतं. तो राब. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर वर्षभर खायचं काय? तिने डोक्यावरून वाहून आणलेला सगळा पाला नवऱ्याने बुरशीला घातला होता.

"जाळून धूर करायला काय अक्कल लागते?" श्रीपत गरजला.

"आनि बुरशी वाढवायला लागते व्हय? जल्म गेला माजा पापडावरची बुरशी पुसन्यात!"

"अडानी हायस तू! अडानी!"

झालं! मालनबाईने त्या दिवसापासून अबोला धरला. भाकरी आपटायची, तांब्या आदळायचा, पण तोंडातून शब्द नाही. श्रीपतही काही कमी नव्हता. बुरशी म्हणजे काय, ढिगाला का हात लावायचा नाही, हे त्याने तिला सांगितलंच नाही. दुसऱ्या कुणाला तर नाहीच.

ढीग चांगला गरम झाला, ताडीसारखा वास सुटला. साहेब खालापुरात कामाला येणार होते. त्यांना तिथून आणायला श्रीपत धुतलेला सदरा घालून गेला. जीपमध्ये त्याची छाती मावेना. दहिवलीच्या वळणावर आले तर समोर धुराचा हा लोट!

"काय जळतंय हो?" साहेबांनी विचारलं.

"राब असेल कुणाचा तरी," श्रीपत ऐटीत म्हणाला. "अडाणी लोक, साहेब. शिकवून शिकत नाहीत."

जीप नेमकी त्या धुरापाशीच थांबली.

डोंगराखालच्या वाडीतला लडकू काठीने ढीग उसकटत होता. श्रीपतचा राब दर साली तोच जाळायचा. श्रीपतने जीपमधून उडीच टाकली.

"लडक्या! मुडद्या! कुनी सांगितलं रं तुला पेटवायला?"

"दर साली कोन सांगतं?" लडकूही उसळला. सकाळपासून धूर खाऊन त्याचे डोळे लालबुंद झाले होते. "शेन घातलेलं, पाला घातलेला, वर माती! मंग पेटवायचा नाय, तर काय फुलं वाहायची?"

"मालनला इचारायचं नाय?"

"इचारलं की! म्हनली, मला अडानीला काय इचारतोस, शान्या मानसाला इचार. शाना गेलेला खालापूरला. वारा पडलेला, लावली काडी! आनि वल्ला का ठेवलावतास रं एवढा? पेटता पेटंना!"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "श्रीपत, माझी बुरशी?"

"ती कंची?" लडकूने विचारलं.

श्रीपतने रागाने लडकूजवळच्या पाण्याने भरलेल्या बादलीला लाथ मारली. बादली जागची हलली नाही. तो मात्र एका पायावर लंगडत साहेबांना घरी घेऊन आला.

"चाय टाक!" तो आत जाऊन ओरडला. अबोला आधी त्यानेच मोडला.

मालनबाईने रॉकेलचा डबा उचलून त्याच्यापुढे उपडा धरला. थेंब पडला नाही.

"राकेल कुठं गेलं?"

"वल्ला पेंढा पेटंना. लडकूला दिलं."

"समदं?"

"मंग? तुमी काडनारच ना पेंढ्यातनं? काडा!"

"चूल पेटव मग!"

"काड्या बी संपल्या लडकूच्या पायी. इस्तव शेतात लई हाय."

आता साहेब ओटीवर बसलेले. करतो काय! श्रीपत लंगडतच गेला आणि फावड्यावर राबातला विस्तव घेऊन आला. त्यावर चहा झाला.

साहेबांनी कप खाली ठेवला. "डबाभर रॉकेल घातलं, तेव्हा चहापुरता विस्तव निघाला. हे मी वर कसं सांगू, श्रीपत?"

श्रीपत दात ओठ खात दुखरा अंगठा चोळू लागला. परमनंटचा विषय काढायची त्याची छाती झाली नाही.

तेवढ्यात मालनबाई पदर सावरत दारात आली. पावसाळ्यापूर्वी तिचा चेहरा इतका खूश त्याने कधी पाहिला नव्हता.

"सायेब, पुडल्या साली बी धाडा तुमची बुरशी. राख कशी भुरभुरीत पडलीय बगा!"