बेडकाला स्वेटर

"कॅनडाच्या थंडीला घाबरतात ते नवशिके!" असं उल्हास येईल त्या पाहुण्याला छाती फुगवून सांगायचा. माणूस कॅल्गरीत गॅस कंपनीत इंजिनियर, पण घर तापवायला गॅस जाळायचा म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. थर्मोस्टॅट सोळा अंशांच्या वर नाही, बेसमेंटचे गरम हवेचे व्हेंट बंद, आणि बायको नीलिमा कानटोपी घालून पोळ्या लाटणार! कुणी कुरकुर केली की ठरलेला सवाल, "मग स्वेटर कशाला असतात?"

२०१६ सालच्या नाताळच्या सुट्टीत त्याची लेक ऊर्मी शाळेतून काचेची पेटी घेऊन आली. आत वर्गाचा लाडका, खरखरीत पाठीचा जाडजूड बेडूक, वॉफल! सांभाळायला अख्ख्या वर्गातून ऊर्मीलाच निवडलं होतं. पोरगी हवेत तरंगत होती.

"मिस सेड कीप हिम वॉर्म, डॅड."

"अगं, तो इथलाच जन्मलेला! त्याला कसली आलीय थंडी?" म्हणत उल्हासनं पेटी बेसमेंटमध्ये नेऊन ठेवली.

झालं! वॉफलनं उड्या मारणं सोडलं. नाकासमोर अळ्या वळवळल्या तरी ढुंकून बघेना. बूड मातीत रुतवून, डोळे मिटून, दुपारच्या मीटिंगमधल्या मॅनेजरसारखा बसून राहिला.

"इज ही डायिंग?" ऊर्मीचे डोळे भरले. "एव्हरीवन विल हेट मी!"

उल्हासलाही आता काळजी लागली. लेक शाळेत तोंड कसं दाखवणार? पण गडी हार मानणारा नव्हता. त्यानं आपला लोकरीचा मोजा कापला आणि बेडकाला चढवला! स्वेटर घालून वॉफल आणखीच गार पडला.

शेवटी ऊर्मीनं वर जाऊन मिसना फोन लावला आणि तावातावानं खाली आली. तिच्या इंग्रजी सरबत्तीचं सार असं, की बेडूक स्वतःची ऊब बनवतच नाही. खोली गार तर बेडूक गार. मग त्याच्या पोटातली भट्टी मंदावते, भूक मरते, हालचाल थांबते. बाहेर राहिला असता तर जमिनीत खोल शिरून अशीच थंडी काढली असती.

"ऐकलंस?" नीलिमा कडाडली. "स्वेटर आतली ऊब धरून ठेवतो. आत ऊबच नसेल तर काय धरणार, कपाळ?"

"आय टोल्ड हर आवर हाउस इज सो कोल्ड. देन शी आस्क्ड इफ यू गो टु वर्क," ऊर्मी म्हणाली. "आय सेड नो, ही इज होम ऑल डे."

"हो मग! सुट्टी आहे माझी!" उल्हास म्हणाला.

नीलिमानं मोजा काढून फेकला, पेटी हॉलमध्ये आणली आणि थर्मोस्टॅट थेट तेवीसवर नेला. संध्याकाळपर्यंत वॉफलनं डोळे उघडले, एक अळी गिळली, दुसरी गिळली आणि टुणकन पेटीबाहेर! उल्हास बनियनवर, घामाघूम, सोफ्याखाली हात घालून त्याला चाचपत होता. तेवढ्यात बेल वाजली.

दारात फ्रँकलिन. मूळ वसईचा, ऑफिसात उल्हासच्या शेजारच्याच टेबलावर बसायचा. तेलाचा भाव कोसळल्यापासून कॅल्गरीत धडाधड नोकऱ्या जात होत्या, त्या वर्षी त्यात फ्रँकलिनचीही गेली. तेव्हापासून उल्हासनं त्याला एकदाही फोन केला नव्हता. अशा माणसाशी बोलायचं तरी काय? उद्या करू, परवा करू, असं चाललं होतं.

फ्रँकलिनच्या एका हातात हीटर होता, दुसऱ्यात डबा.

"एलेनच्या मिसचा फोन आला रे," तो म्हणाला. त्याची लेक एलेन ऊर्मीच्याच वर्गात होती. "आपली ओळख त्यांना ठाऊक. म्हणाल्या, तुझापण जॉब गेलाय बहुतेक, घरात हीटिंग नाही. सांगायचं ना बाबा! आणि मी वेडा तुझ्यावर रागावलो होतो, साधा फोन नाही केलास म्हणून. हा हीटर ठेव. आम्ही आता सगळे एकाच खोलीत झोपतो, आम्हाला चालतं."

उल्हासला वाटलं, आपणही मातीत शिरावं आणि एप्रिललाच वर यावं.

"बट अंकल," ऊर्मी म्हणाली, "डॅड हॅज अ जॉब. ही जस्ट डझन्ट लाइक टर्निंग द हीट अप!"

फ्रँकलिननं घामानं निथळणाऱ्या उल्हासकडे पाहिलं. दोघांच्या मधून वॉफल उड्या मारत गेला.

"जॉब आहे ना? मग बरंच झालं रे!" फ्रँकलिन म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला, हीच तर पंचाईत! दोन शिव्या दिल्या असत्या तर उल्हासला सोपं गेलं असतं. शरमेनं त्याला मान वर करवेना.

"चहा तरी..." तो पुटपुटला.

"आज नको. डबा ठेवून घे, बायकोनं नाताळचे गरम फुगे तळलेत, आंबवलेल्या मैद्याचे, आमच्या वसईकडचे. आणि फोन करत जा कधीतरी." हीटर उचलून फ्रँकलिन गेला.

आता उद्या-परवा नाही! आत्ताच माफी मागायची! उल्हासनं मोबाइल काढला, फ्रँकलिनचं नाव शोधलं. नावापुढे नंबर होता ऑफिसातल्या टेबलाचा. दुसरा कधी घेतलाच नव्हता.

"ऊर्मी," त्यानं खालमानेनं हाक मारली, "तुझ्या मिसना जरा फोन लाव गं."