नवसाची सायकल

एप्रिलच्या उन्हात मीरा रोडहून डहाणूच्या महालक्ष्मीपर्यंत सायकलने जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं, हा ईश्वर सामंतांचा बेत ऐकून त्यांच्या बायकोने, अंबिकाने, कणीक मळणं थांबवलं.

"दिवेलागणीच्या आत आलात तर सायकल राहील. नाही आलात तर विकायची. हॉल माणसांसाठी असतो."

"कबूल!" सामंत म्हणाले.

सायकल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. वजन कमी व्हावं म्हणून त्यांनी तिची घंटासुद्धा काढून ठेवली होती. सराव झाला होता, निर्धार पक्का होता. घोटाळा केला अंबिकाने.

समोरच्या उर्मिलाबेननी विचारलं, "भाभी, भाईसाब इतनी धूप में सायकल पे क्यूँ जाते हैं?"

पंचेचाळिशीचा माणूस, त्यात ती तंग चड्डी. 'हौस' म्हणायची अंबिकाला लाज वाटली.

"मन्नत है," ती म्हणाली. "महालक्ष्मी की."

झालं! निघायच्या दिवशी पहाटे सामंत खाली उतरले, तर शांती नगरातली त्यांची अख्खी बिल्डिंग गेटपाशी हजर. प्रत्येकाच्या हातात एकेक नारळ.

"भाईसाब, हमारा भी चढ़ा देना."

देवीच्या नारळाला नाही कसं म्हणणार? सामंतांनी पाठीवर पिशवी बांधली आणि बिनघंटेची सायकल हाणली. शेंड्या मानेला टोचत होत्या.

हायवेवर डांबर टायरला चिकटत होतं. त्यात जत्रेचे दिवस. पाठीवरचे नारळ दिसले की मांडववाले आडवे येत. "नवसाचे भगत आले! बसा, सरबत घ्या!" देवाच्या नावाचं सरबत नाकारता येईना, आणि घड्याळ काही थांबेना. मंदिरात नारळ फोडायला ही रांग! फोडल्यावर प्रत्येकाचं अर्धं भकल प्रसाद म्हणून परत मिळालं, तेही पाठीवर आलं.

परतताना एका टेम्पोवाल्याने विचारलं, "साहेब, सायकल मागे टाका की!"

"नाही," सामंत म्हणाले. पेडल थांबलं नाही.

ते गेटपाशी पोचले तेव्हा रस्त्यावरचे दिवे केव्हाच लागले होते. बिल्डिंगभरच्या बायका प्रसादासाठी थांबल्या होत्या.

"उशीर झाला हो," अंबिका हळूच म्हणाली. "ठरलंय ना? विकायची."

"हो, हरलो," सामंत म्हणाले आणि त्यांना खरंच रडू आलं.

हे नेमकं ऐकलं इंदुबाईने. जुन्या भाईंदरची ही कोळीण बिल्डिंगला मासळी द्यायची आणि महालक्ष्मीची जत्रा कधी चुकवायची नाही.

"नवसाची सायकल कोन इकते गो? देवी कोपंल!"

"इंदुबाई, तसं नाही..." अंबिका चाचरली. नवस खोटा होता हे एवढ्या बायकांसमोर सांगणार कसं?

"आनि एकट्या नवऱ्यानं फेडून न्हाय चालत. पुढल्या वर्साला जोडीनं जायाचा. सायकलीवर!"

"हाँ हाँ, जोड़े से!" उर्मिलाबेननी टाळ्या वाजवल्या.

"अहो, पण मला सायकल येत नाही!"

"वरीस हाय ना शिकाया."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. अंबिकाने मदतीसाठी नवऱ्याकडे पाहिलं. सामंत ताठ उभे राहिले.

"अगं, उद्या सकाळी साडेपाचला उठायचं," ते म्हणाले.