साडेतीन मगांची आंघोळ

घरच्या नळाला धो धो पाणी असताना गजूभाऊ रोज सकाळी गच्चीवर साडेतीन मगांत आंघोळ करतात. "दोन अंगाले, एक साबण काढाले, अर्धा चुकीले," हे त्यांचं गणित. चूक कसली, असं मी एकदा विचारलं. "होतेच गा एखादी. माणूस आहे ना!"

प्रतापनगरात ते माझे शेजारी. बँकेतून निवृत्त झालेले, एकटेच. जुन्या व्हॅनच्या टपावर काळा पाइप गुंडाळून त्यांनी उन्हाचा गीझर केलाय, मागे टाकी आणि तोटी. दर महिन्याला ही गाडी घेऊन दोन दिवस कुठल्यातरी माळावर मुक्काम. गच्चीवर चालते ती त्याचीच रंगीत तालीम. "नळ म्हणजे लाड आहे गा," असं म्हणत ते तिथं सोबत आलेल्या प्रत्येकाचं पाणी मोजून देतात. स्वतःचा वाटा वेगळ्या कॅनमध्ये, तो सगळ्यांच्या शेवटी उघडायचा.

गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन मीही गेलो. माझी आई आंघोळीशिवाय तोंडात घास घालत नाही. सकाळी तिनं शुगरची गोळी घेतली, पोहे तयार होते, आणि मी पाय धुवायला तोटी उघडून फोनवर बोलत झाडाखाली गेलो. परत येईपर्यंत टाकी रिकामी. गाव चार किलोमीटरवर.

"आई, आजच्या दिवस तोंड धुऊन खाऊन घे."

"नाही जमत मले, बाबू." शुगर उतरून तिचे हात थरथरायला लागले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गजूभाऊंनी आपला कॅन उघडला. कॅनमधलं पाणी चुलीवर कोमट केलं, चादरीचा आडोसा बांधला. "माय, हे उरलंच होतं. माही आंघोळ कवाचीच झाली." स्वतःचे केसही ओले करून चापून बसवलेले. आई न्हाली आणि दोनदा पोहे घेऊन जेवली.

घरी आल्यावर ती म्हणाली, "त्याच्या कानामागं धूळ तशीच होती."

"तुले समजलं होतं? मग आंघोळ काहून केली?"

"लेकरू माह्यासाठी खोटं बोलून राहिलं होतं. नाही कसं म्हणू? घरी त्याले कोण विचारते?"

त्या लेकराला पासष्टावं लागलंय.

दुसऱ्या दिवशी आईनं आमच्या गच्चीवरून हाक मारली, "गजू, कान धुतले का गा?"

गजूभाऊंनी रिकामा मग धरूनच कानामागं बोट फिरवलं. म्हणाले, "धुतो ना, माय," आणि चौथा मग भरायला वाकले.