बागवान सरांचा घंटेआधीचा तास

गेल्या वर्षी युनूस पैगंबर दिवाळीची अख्खी सुट्टी माशाच्या पोटात होते, याला सर्वस्वी आमचे बागवान सर जबाबदार. गोष्टीत माशानं त्यांना गिळलं आणि शाळेची घंटा झाली. सरांनी वाक्य तिथंच तोडलं, फळा भिंतीकडे वळवला आणि म्हणाले, "आता सरकार आलं. बसा गप."

"सर, ते बाहेर कधी येणार?" एका पोरानं रडवेल्या आवाजात विचारलं.

"शाळा उघडल्यावर."

बिबवेवाडीतली आमची शाळा एका मुस्लिम संस्थेची, पण अनुदानित. म्हणजे आम्हा शिक्षकांचे पगार सरकार देतं. मुलं सगळ्या धर्मांची. बागवान सर घंटेच्या आधी दीनियात, म्हणजे इस्लाम धर्माचे धडे, शिकवतात. त्यांचं मानधन संस्थेचं. ज्यांच्या पालकांनी होकार दिलाय, तेवढीच मुलं या तासाला बसतात. सरांचा खडू स्वतःच्या खिशातला. एकदा मी माझा पुढे केला, तर म्हणाले, "नको. तो करातून आलाय. तुमच्या शेजारच्यांचाही त्यात वाटा आहे. विचारलंय का त्यांना?" एप्रिलातसुद्धा पंखा लावत नाहीत. खिडक्या उघडतात आणि घाम पुसत राहतात.

मी पुरोगामी चळवळीची पत्रकं वाचत वाढलो. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत कुठल्याच धर्माचा तास नको, हे माझं ठाम मत. आजही आहे. शाळेत रुजू झालो तेव्हा सरांशी भांडायला एक पत्रक घेऊन, बाह्या सरसावूनच गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"झालं? पत्रकाची मागची बाजू कोरी असते ना? पोरांना चित्रं काढायला द्या."

पुढे आम्ही तोच वाद इतक्या वेळा घातला, की शेवटी कोणता मुद्दा कोणाचा हेही आठवेना. मी फार दमलो. भांडावं तर समोरचा माणूस माझ्याहून कडक.

यंदा व्हॅनवाल्यांनी वेळा बदलल्या. मुलं थेट घंटेलाच पोचू लागली आणि सरांच्या तासाला हळूहळू कुणी उरेना. संस्थेचे चिटणीस शिक्षकांच्या खोलीत येऊन म्हणाले, "बागवान, तास वेळापत्रकातच घेऊन टाकू. मूल्यशिक्षण म्हणू. सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणतात म्हणून आपणही खोटं बोलायचं? हजेरी झाल्यावर ज्याला बसायचं नाही ते पोरगं उठून जाणार कुठं?"

"मग रिकामा तास मी किती दिवस चालवू? सहामाहीनंतर बंद करावा लागेल."

"करा."

रिकामा म्हणजे अगदीच रिकामा नव्हता. तिसरीतली वैष्णवी येऊन बसायची. तिची आई पहाटे सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाला जाते, म्हणून जाताना मुलीला शाळेत सोडते. सर तिला आत बसवायचे आणि स्वतः खिडकीतून बाहेर बघत राहायचे. पालकांचा होकार नाही, म्हणून शिकवणं नाही.

चिटणिसांना हे कळलं. "अहो, ही तर रोज येते! आईचा होकार घ्या, तास वाचला."

आईनं लगेच होकार दिला. "शिकवा की सर, काय बिघडतंय? फक्त हिला आत बसू द्या."

सर म्हणाले, "ताई, होकार राहू द्या तुमच्याकडे. बसायला तो लागत नाही."

ती गेल्यावर मी म्हटलं, "सर, तास गेला तुमचा."

"त्या ताईंना नाही म्हणता आलं असतं का? मग तो होकार कसला? तुम्ही पत्रकवाले, तुम्हाला मी सांगायचं?"

तास बंद झाला. मला हवं होतं तेच झालं, पण त्याबद्दल कुणाला सांगावंसंही वाटलं नाही.

नंतर एकदा सहामाहीचे पेपर तपासायला मी लवकर शाळेत गेलो. सरांच्या तासाची खोली उघडी होती. वैष्णवी बाकावर झोपलेली, अंगावर सरांचा स्वेटर. सर दारात खुर्ची टाकून बसलेले. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"तास बंद झाला ना? मग आता कशाला येता?" मी कुजबुजलो.

"हिची आई कामाला जायची थांबली का?"

"दार काय, शिपाईही उघडेल."

सरांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं.

"बायको गेल्यापासून मी उठलो काय, झोपून राहिलो काय, घरी विचारणारं कुणी नाही. इथं निदान हिला उठवायचं असतं."

मग ते खुर्चीवरून उठले, बाकाशी वाकले आणि वर्गात मी कधीच न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "वैष्णवी, ऊठ बाळा. तोंड धुऊन घे."