भाऊंचं दुसरं पान

शेणव्याच्या भाऊंच्या घरात रोज दुपारी दोन पानं वाढली जात. एक भाऊंचं, आणि दुसरंही, भाऊंच्याच म्हणण्याप्रमाणे, भाऊंचंच. पहिल्या पानात एक वाटी असे. दुसऱ्यात तीन भाकऱ्या, भाताचा ढीग आणि त्यावर ओघळणारी आमटी. दीड वाजता भाऊ स्वतः मागच्या दारी ताटं घासायला बसत, तेव्हा दुसरं ताट चाटूनपुसून साफ झालेलं असे. कोण जेवतं, असं विचारलं की भाऊ राख लावता लावता सांगत, "ही वाटी माझी. ता ताट त्याचा."

"त्याचं म्हणजे कुणाचं?"

"जुन्याचा. त्याला तेवढा लागतो."

मी तेव्हा नुकताच शेणव्याच्या हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर म्हणून लागलो होतो आणि भाऊंच्या भातगिरणीमागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. जुने भाऊ मी पाहिले नव्हते, पण त्यांच्याविषयी इतकं ऐकलं होतं की वाटेत भेटले असते तर ओळखले असते. वजन दीडशेच्या पुढे. एस.टी.त बसले की शेजारची जागा आपोआप रिकामी होई. मुरबाडच्या बाजारात त्यांच्या मापाची चप्पल मिळत नसे, ती शिवून घ्यावी लागे. मग गुडघे गेले, धाप लागू लागली, आणि ठाण्याच्या पुतण्याने धरून मुंबईला नेऊन त्यांच्या पोटावर ऑपरेशन करवलं. डॉक्टरांनी पोट शिवून वाटीएवढं केलं. दीड वर्षात भाऊ निम्मे झाले.

गावाला एकच प्रश्न पडला. उरलेले निम्मे गेले कुठे?

म्हाताऱ्याकोताऱ्यांनी असा समज करून घेतला होता की डॉक्टरांनी सत्तर किलो मांस टोपात काढून ठेवलं आणि त्याला अग्नी न देताच भाऊंना घरी पाठवलं. न जाळलेलं माणूस घरी परत येतं, हे तर पोरासोरांनाही ठाऊक. भगताने एक कोंबडा घेऊन तांदूळ पाहिले आणि निर्वाळा दिला, "अर्धा आतमंदी, अर्धा भायेर." भाऊंनी हे खोडून काढावं की नाही? उलट ते म्हणाले, "येतो तो. नव्या चपला त्याला होत नाय, म्हनून अनवानी येतो." तेव्हापासून भर दुपारी बाया गिरणीवरून जाईनाशा झाल्या.

भाऊंचा दुसरा नाद म्हणजे प्रोटीन. ऑपरेशनला सात-आठ वर्षं झाली होती. केस मूठमूठ गळत, संध्याकाळी पावलं सुजत, गिरणीच्या तीन पायऱ्या चढताना भाऊ मध्ये थांबत. पोटात जागा वाटीभर, तेव्हा त्या वाटीत आधी प्रोटीन गेलं पाहिजे, नाहीतर अंथरूण धराल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. भाऊंनी ते वाक्य पाठ केलं. "मेलो तर चालंल, मास्तर," ते मला म्हणत, "अंथरूनाला खिळलो तर नाय चालनार." मला वाटे, माणूस हौशी आहे, पडून राहायचा कंटाळा असेल. मी हसत असे.

गिरणीच्या भिंतीवर त्यांनी कोळशाने यादी लिहिली होती. गावठी कोंबडी, चिंबोऱ्या, वाल, हरभरे, मसूर, अंडी, कुळीथ आणि सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. मी शाळेच्या पुस्तकातला तक्ता नेऊन दाखवला तेव्हा त्यांनी तो स्थळं पाहावीत तसा पाहिला. पनीर म्हणजे "गोरा हाय, पन अंगात पानी." सोयाबीनच्या वड्या म्हणजे "सोंगाडी. मास असल्याचा सोंग करते." पुतण्याने पाठवलेला पावडरचा डबा त्यांनी फळीवर उलटा ठेवला होता, कारण त्यावरचा पैलवान सारखा त्यांच्याकडे बघतो म्हणे. सगळ्यांवर शेवटचा निकाल एकच, "आपल्या घरात बसायचा नाय."

नवीन काही यादीत चढत नसे. जुनं मात्र एकेक करून खोडलं जाई. दिवाळीच्या सुमाराला कोंबडीवर काट पडली. मग चिंबोऱ्यांवर. पौषात वाल. मी विचारलं, "पचत नाही का?"

"गेले," भाऊ म्हणाले, एखाद्या माणसाविषयी सांगावं तसे. त्यानंतर सकाळी शाळेत जाताना माझं पहिलं लक्ष त्या भिंतीकडे जाऊ लागलं. रोज कोण गेलं ते पाहावं, तसं.

आणि दुपारचे आवाज. शाळा सकाळची, त्यामुळे बाराला मी खोलीवर असे. ती भारनियमनाची वर्षं होती. दिवसा वीज जायची, गिरणी थांबायची आणि सगळ्या गावावर अशी शांतता पसरायची की कौलावर चिमणी चालली तरी ऐकू यावी. त्या शांततेत भिंतीपलीकडून बाईचा आवाज येई. भाऊंची बायको, काकू, घरात असते हे मला माहीत होतं, पण ती सहसा बाहेर दिसत नसे. ती कुणाशी तरी बोले. मग थांबे, समोरच्याने उत्तर द्यावं एवढं. उत्तर येत नसे. तरी ती हसे आणि म्हणे, "आनखी थोडा घ्या." मध्येच भाऊंचा आवाज, हळू, अदबीचा, "बस वयनी, माझा झाला."

बायकोला वहिनी? मी विज्ञानाचा मास्तर. भुतंखेतं थोतांड आहेत हे मी आठवड्याला पाच तास शिकवत असे. मी सेलवरचा रेडिओ मोठा केला आणि वर्गाच्या वह्या तपासायला घेतल्या.

चैत्रात यादी दोनावर आली. कुळीथ आणि सुकट. भाऊंच्या गालाची हाडं वर आली होती. मला राहवेना. शहापूरला गेलो होतो, तिथून चांगले भाजके हरभरे आणि शेंगदाणे आणले आणि नेमका बाराच्या ठोक्याला पुडी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. भीतीचं एकदाचं काय ते होऊन जाऊ दे, हाही विचार होताच.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात दोन पाट मांडलेले. एक रुंद, जाड, त्यावर कुणी नाही. त्याच्यापुढे भरलेलं ताट. दुसऱ्या पाटावर भाऊ, पाहुणा बसावा तसे अंग चोरून, पुढ्यात वाटी. काकू रिकाम्या पाटासमोर वाकून भात वाढत होती आणि बोलत होती. "आज लय उशीर केलात. गिरनीत गर्दी होती काय?" ती थांबली, ऐकलं, मान हलवली. मग ती भाऊंकडे वळली. "पाव्हनं, तुमी लाजू नका हां. आमचे मालक जेवताना बोलत नाय."

भाऊंनी मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. काकू पाण्यासाठी आत गेली. त्याबरोबर भाऊ उठले, समोरचं भरलेलं ताट उचलून मागच्या दारातल्या म्हशीच्या घमेल्यात रिकामं केलं आणि जागच्या जागी ठेवून दिलं. धाप लागली होती, पण हात सराईत होते. काकू तांब्या घेऊन आली. रिकामं ताट बघून तिचा चेहरा उजळला. "जेवले," ती स्वतःशी म्हणाली. आणि त्याच ताटात स्वतःला वाढून घेऊन जेवायला बसली.

भुताचा प्रश्न सुटला आणि मला घाम फुटला.

दुपारी गिरणीत भाऊंनी सांगितलं. काकूला विसर पडायला लागून तीन वर्षं झाली होती. तिला नवरा आठवत होता, तो दीडशे किलोचा. हा हाडकुळा माणूस कोण ते तिला उमगेना. तिने त्याला पाहुणा ठरवून टाकलं. "लग्नापासून माझ्या ताटात जेवली ती. माझा झाल्याबिगर घास नाय घेतला. जुना जेवला नाय, तर ती उपाशी. पयल्यांदा मीच ता ताट खाऊन बघला. दोन दिवस शहापूरला सलाइनवर होतो."

"पण गावाला का सांगता की जुना येतो?"

"गावाला भूत समजतो, मास्तर. ह्यो आजार नाय समजत. येडी म्हनतील तिला."

"आणि यादी? कोंबडी का खोडली? हरभरे तर भाजून नुसते—"

"तिला करता येनारा तेवढाच घरात बसतो." भाऊ भिंतीकडे बघत म्हणाले. "दुसऱ्या कुनी चूल पेटवली तर ती कोपऱ्यात बसून रडते, मालकानं दुसरी आनली म्हनून. भायेरचा खाऊन पोटात जागा नाय उरली, तर तिची वाटी तशीच राहते, आन पाव्हना उपाशी गेला म्हनून तीबी जेवत नाय. दिवाळीला कोंबडी घेऊन बसली, पुढं काय करायचा ता ठावं नाय. वाल भिजत घालायचे इसरली. एकेक तिच्या हातातून गेला, तसा मी खोडला. मी खिळलो, तर तिच्यापुढं ता ताट रिकामा कोन करनार?"

माझे भाजके हरभरे माझ्याच हातात होते. इतके महिने मी त्यांच्या प्रोटीनच्या नादाला हसलो होतो, त्याची मला लाज वाटली.

त्यानंतर मी दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. माझी नेमणूक काकूने गिरणीचा हिशेबनीस म्हणून केली. कुळीथ वैशाखात गेला. उरली सुकट. आणि एका दुपारी काकू सुकटीचा डबा हातात धरून चुलीपुढे नुसती उभी राहिली. उघडून वास घेतला, झाकण लावलं, पुन्हा उघडलं. तिच्या तोंडावर भीती होती. भाऊ पाटावर बसून पाहत होते.

मग ते बसल्या जागेवरून, पाहुण्याच्या अदबीने बोलले, "वयनी, आधी तवा ठेवा."

तिने तवा ठेवला.

"आता कोरडीच टाका. हलवा. वास सुटला का?"

"सुटला."

"आता कांदा. बारीक. मंग दोन कोकमं."

एकेक सांगत गेले, एकेक ती करत गेली. हात चालू लागले तशी भीती उतरली. वाटी भरून तिने त्यांच्यापुढे ठेवली आणि कौतुकाने विचारलं, "पाव्हनं, तुमाला कसा ठावं?"

"माझी मंडळी अशीच करायची."

"आता नाय करीत?"

"आता तिला आठवत नाय."

काकूने थोडा विचार केला. रिकाम्या पाटाकडे एकदा पाहिलं, जणू त्याची परवानगी घेतली. मग पदराने हात पुसत म्हणाली, "मंग आता मला सांगितलात, तसा तिला बसून सांगत जा. बाई मानसाला इसर पडला तर कोनी रागवायचा नसतो."

भाऊंनी हो म्हटलं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. काकूने ते पाहिलं आणि हातातला सुकटीचा डाव त्यांच्या वाटीत रिकामा केला.

"जेवा," ती म्हणाली. "लय बारीक झालात. ती वाट बघत असंल."