अण्णांच्या हयातीचा दाखला

मलकप्पा अण्णांपुढे कुठलीही फाईल ठेवा, ते ती उघडत नाहीत. दोन्ही पंजे तिच्यावर ठेवतात आणि विचारतात, "पत्ता काय? वाट कुठनं हाय? आत मानूस हाय का?"

पस्तीस वर्षं अग्निशमन दलात काढली त्यांनी. आगीचा फोन आला की हेच तीन प्रश्न विचारायचे, अशी शिस्त. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, पण प्रश्न काही निवृत्त झाले नाहीत. ऑफिससाठी नवीन कपाट घ्यायचा विषय निघाला तेव्हाही ते म्हणाले, "आत मानूस हाय का?" आमचे अध्यक्ष साहेब गंभीरपणे म्हणाले, "नाही." त्यावर अण्णा म्हणाले, "मग घाई कशाला? पुढचा विषय घ्या." कपाट अजून आलेलं नाही.

मी सोलापुरात पेन्शनच्या टेबलावर वरिष्ठ लिपिक आहे. आमच्याकडे पेन्शनरांचं एक मंडळ आहे. पोलीस सरकारचे आणि आगीचे जवान पालिकेचे, पण म्हातारपणी गुडघे दोघांचेही सारखेच दुखतात, म्हणून दोघांचं मिळून एक मंडळ. पोलिसांच्या बाजूने शेख जमादार, जवानांच्या बाजूने मलकप्पा सिद्राम बिराजदार, वर अध्यक्ष साहेब, आणि इतिवृत्त लिहायला, चहा सांगायला, शिव्या खायला सदस्य सचिव म्हणून मी.

अण्णा बैठकीला पंधरा मिनिटं आधी येतात. खुर्चीत बसण्याआधी खोलीला एक फेरी मारतात. कोणाची वायर कुठून गेली आहे, खिडकी उघडते का, जिन्यात कोणी फायलींचे गठ्ठे ठेवलेत का, हे सगळं बघून झालं की दाराजवळची खुर्ची घेतात. एकदा अध्यक्ष साहेब पडद्यावर काहीतरी दाखवत होते. रंगीत चित्रं होती, साहेबांनी मेहनत घेतली होती. मध्येच अण्णा उठले, भिंतीपाशी गेले आणि प्लग उपटून परत येऊन बसले. पडदा काळा.

"अहो बिराजदार, हे काय?"

"वास येत हुता सायेब. तुमी बोला की. आमाला ऐकू येतंय."

साहेब पुढचा अर्धा तास चित्रांशिवाय बोलले. खरं सांगायचं तर त्या दिवशीच सगळ्यांना विषय कळला.

या माणसाची मला सुरुवातीला फार चीड यायची. बैठक लांबायची, माझी बस चुकायची. पण एक प्रकरण झालं आणि माझी चीड मावळली.

पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत, असं कागदावर लिहून द्यायचं. कोणाची तरी सही, कोणाचा तरी शिक्का, झालं. एका जुन्या जवानाचा दाखला असाच आला, अगदी बिनचूक. अण्णा म्हणाले, "ह्यो बाळ्या माज्याबरूबर हुता. बगून येतो." गेले. म्हातारा मागच्या खोलीत पाठीला जखमा होऊन पडला होता आणि घरचे पुढच्या खोलीत टीव्ही बघत होते. अण्णांनी त्याला दवाखान्यात नेलं, घरच्यांना काय सुनावलं ते मला माहीत नाही. पुढच्या बैठकीत मात्र हा माणूस पहिल्यांदा ओरडला.

"दाखला म्हंतोय जित्ता हाय. व्हय, हाय की! पन कसा हाय, ते कोन बगनार?"

त्या दिवशी त्यांनी ठराव मांडला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या घरी मंडळाच्या सदस्याने जायचं, डोळ्यांनी बघायचं आणि मगच सही करायची. घरी जाऊन बघितलं नाही, तर दाखला नाही. दाखला नाही, तर पेन्शन बंद. शेख जमादारांनी अनुमोदन दिलं.

तेव्हापासून नोव्हेंबर उजाडला की अण्णा सायकल काढतात. पोलिसांकडे जमादार जातात, जवानांकडे अण्णा. जमादारांचे अहवाल म्हणजे 'हयात आहे', खाली सही. अण्णांचे अहवाल टाईप करताना माझी बोटं थांबतात. 'हयात आहे. जिना अरुंद. सिलिंडर दाराच्या आड होता, हलवला. सून चांगली आहे.' 'हयात आहे. ऐकू येत नाही, पण ऐकल्यासारखं करतो.' एकाचा तर असा होता: 'हयात आहे. पण हसला नाही. परत जाणे.' आणि आठवड्याने त्याच कागदावर शाईचा रंग बदलून लिहिलेलं, 'हसला.'

अध्यक्ष साहेब म्हणाले, हे असलं नमुन्यात बसत नाही. मी म्हटलं, बसवते साहेब.

आता यंदाची गोष्ट. नोव्हेंबर संपत आला होता. बैठकीत शेवटचा विषय नेहमीचा: ज्यांचे दाखले आले नाहीत त्यांची पेन्शन थांबवणे. मी यादी वाचली. सात नावं. आडनाव आधी, मग नाव, कॉम्प्युटर ओकतो तशी. मी बसची वेळ बघत भराभरा वाचून टाकली. अण्णा म्हणाले, "अनुमोदन." ठराव मंजूर.

सगळे गेले. यादी उद्या सकाळी बँकेत जायची होती, म्हणून मी सहीसाठी ती पुन्हा समोर घेतली आणि पाचव्या ओळीवर माझा हात थांबला. बिराजदार मलकप्पा सिद्राम.

जो माणूस दर आठवड्याला माझ्या टेबलासमोर बसून माझ्या पंख्याच्या वायरीला नावं ठेवतो, तो आमच्या कागदावर हयात नव्हता. आणि त्याची पेन्शन थांबवायला अनुमोदन त्यानेच दिलं होतं! मी घरभेटींची यादी काढली. अण्णांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली होती. त्यांच्या नावासमोर, 'भेट देणारा सदस्य' या रकान्यात, लिहिलं होतं: बिराजदार. सगळे जवान त्यांच्याकडे लावून दिले होते, त्यात तेही आपोआप त्यांच्याकडे गेले. ही करामत माझीच.

फोन लावला. "अण्णा, तुमचं नाव यादीत आहे!"

"ऐकलं की. मी बहिरा हाय व्हय?"

"मग बोलला का नाहीत? सकाळी लवकर या, मी दाखला करते. दर आठवड्याला तर बघते मी तुम्हाला."

"आफिसात बगता. घरी कुटं बगितलं? ठराव माजाच हाय म्याडम. बाकीच्यांना एक आनि मला एक, असं कसं चालंल?"

फोन ठेवला त्यांनी. मी चिडले. हा म्हातारा तत्त्वासाठी उपाशी बसेल, असं स्वतःशीच बडबडत स्कूटरला किक मारली. बस विसरून मैत्रिणीची स्कूटर मागून घेतली होती. होटगी रोडच्या आतल्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. ओळखीच्या आठ वर्षांत मी एकदाही गेले नव्हते. अण्णांची बायको गेली ते मला रजेच्या अर्जासारखं, कोणाकडून तरी कळलं होतं. मुलगा पुण्याला असतो, हेही असंच.

दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या. मधल्या स्टुलावर झाकलेलं तांब्याभांडं. पेन्शनचं पुस्तक, आधार कार्ड, चष्मा, सगळं ओळीत. अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते. मला बघून उभे राहिले आणि एकदम लाजल्यासारखे झाले.

"मला वाटलं जमादार येतील," ते म्हणाले.

"कधी वाटलं?"

"पयल्या आयतवारी. मग दुसऱ्या. बाकीच्यांकडं मी मदल्या दिवसात जाऊन आलो. आयतवारी घरीच हुतो की. म्हटलं, आपन भाईर गेलो आनि कुनी आलं तर?"

महिन्याचे सगळे रविवार. सगळ्या शहरातले म्हातारे हसतात की नाही हे बघत हा माणूस सायकल दामटत होता, आणि त्याच्या घरी कोणी जायचं हे माझ्या कॉम्प्युटरने ठरवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, ती अजून आहे.

"अण्णा, सांगायचं तरी! एक शब्द टाकला असता तर मी आले असते."

त्यांनी स्टुलावरचं तांब्याभांडं माझ्याकडे सरकवलं. "सांगून आनलेलं मानूस म्हंजे आलेलं न्हवं, म्याडम."

मी पर्समधून फॉर्म काढला. नाव, पत्ता, तब्येत. त्यांनी गुडघा दाखवला, रक्तदाबाच्या गोळ्या दाखवल्या, स्वयंपाकघर दाखवलं. सगळं अगदी नियमाप्रमाणे. 'घरात सोबत कोण' हा रकाना आला. तो फॉर्ममध्ये घालायला त्यांनीच लावला होता.

"एकटाच, असं लिवा," ते म्हणाले. मी लिहिलं. त्यांनी चष्मा लावून वाचून बघितलं, मान हलवली आणि सही केली. मीही केली. अण्णा रीतसर जिवंत झाले. मी फॉर्म घडी घालून उठले.

"बसा," ते म्हणाले. "भेटीला आलेल्यानं अर्दा तास तरी बसायचं. नियम हाय तसा."

मंडळाचं इतिवृत्त आठ वर्षं मीच लिहिते. सगळे ठराव मला पाठ आहेत. असा नियम नाही.

मी बसले.